पंधरा डावांची कारकीर्द

बेसबॉल या खेळाची नोंद अमेरिकेत ज्या काटेकोरपणे ठेवली जाते, तो काटेकोरपणा पाहून आपल्याकडील एखाद्या जुन्या महसुली कारकुनालाही धन्यता वाटावी. कोणत्या खेळाडूने कोणत्या दिवशी किती चेंडू फेकले, किती गडी बाद केले, किती धावा दिल्या, हे सारे शंभर-सव्वाशे वर्षांपासून लिहून ठेवलेले आहे. थोर खेळाडूंच्या नावापुढे त्यात आकड्यांचे लांबलचक स्तंभ आढळतात. काही नावांपुढे मात्र दोनच ओळी असतात. जिम मॉरिस हे अशांपैकी एक नाव आहे. १९९९ आणि २००० या दोन हंगामांत मिळून २१ सामने, १५ डाव, १३ फलंदाज स्ट्राइकवर बाद, विजय शून्य, पराभव शून्य. दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी ४.८०. दप्तराच्या दृष्टीने मॉरिसची कारकीर्द येथे संपते.

या आकड्यांत दिपून जाण्यासारखे काही नाही. बेसबॉलमध्ये तीन गडी बाद झाले की संघाचा एक डाव पुरा होतो. तेव्हा पंधरा डाव म्हणजे अवघे पंचेचाळीस गडी. त्या काळात पहिल्या प्रतीचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, एका हंगामात दोनशेच्या आसपास डाव टाकीत असे. त्या मानाने मॉरिसचा हिशेब फार किरकोळ ठरतो. तरीही त्याच्या दोन ओळींमागचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कारण तो जितका एका खेळाडूचा आहे, तितकाच एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या शब्दाचाही आहे.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या श्रोत्यांसाठी या खेळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. पिचर एका लहानशा उंचवट्यावर उभा राहतो. तेथून फलंदाजापुढील रबरी फरशीपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच असते. चेंडू टप्पा न पडता, हवेतूनच फलंदाजाकडे जातो. या फरशीच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक अदृश्य चौकट कल्पिलेली असते. चौकटीतून गेलेला चेंडू फलंदाजाने सोडला किंवा बॅट फिरवूनही त्याला तो लागला नाही, तर एक स्ट्राइक होतो. असे तीन झाले की फलंदाज बाद. उलट, चौकटीबाहेरचे चार चेंडू त्याने सोडून दिले, तर त्याला पहिला बेस आयताच मिळतो. पहिला, दुसरा आणि तिसरा असे बेस ओलांडून तो परत मूळ जागी आला, की एक धाव होते.

सामना सुरू करणाऱ्या पिचरचा हात थकला किंवा त्याच्यावर मार बसू लागला, म्हणजे त्याच्या जागी दुसरा बोलावतात. हा राखीव पिचर. मैदानाच्या एका कडेला या मंडळींची बसण्याची व हात मोकळा करण्याची जागा असते. तिला अमेरिकेत ‘बुलपेन’, म्हणजे बैलांचा कोंडवाडा, असे नाव आहे. तेथे बसून सारा सामना पाहावयाचा, बोलावणे येईल किंवा न येईल, आणि आले तर बहुधा संकटाच्या घटकेला. असे हे जिणे. त्यातही डावखुऱ्या राखीव पिचरला स्वतंत्र मान असे. डावखुऱ्या फलंदाजाला उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू आपल्याकडे येताना दिसतो. डावखुऱ्या पिचरचा मात्र त्याच्यापासून दूर पळतो. म्हणून एकाच डावखुऱ्या फलंदाजासाठी एका डावखुऱ्या पिचरला बोलवावयाचे आणि काम होताच त्याला माघारी पाठवावयाचे, अशी प्रथा पडली होती. २०२० साली नियम बदलला. मैदानात आलेल्या पिचरने निदान तीन फलंदाजांना तोंड दिले पाहिजे किंवा तो डाव संपविला पाहिजे, असे ठरले, आणि ती प्रथा जवळजवळ संपली. मॉरिसच्या काळी ती भरात होती.

मॉरिसचा जन्म १९ जानेवारी १९६४ चा, टेक्सास राज्यातील ब्राउनवुड या गावचा. वडील नौदलाच्या भरती खात्यात असल्यामुळे बालपण गावोगाव हिंडण्यात गेले. पुढे कुटुंब ब्राउनवुडला परतले, तेव्हा तेथील शाळेत बेसबॉलचा संघच नव्हता. त्या गावाचे वेड अमेरिकन फुटबॉलचे. मुलगा तोही खेळ खेळला; परंतु मन चेंडू फेकण्यात होते. १९८३ च्या जानेवारीत झालेल्या निवडीत मिल्वॉकी ब्रूअर्स या संघाने त्याला चौथ्याच क्रमांकाने उचलले. एकोणीस वर्षांच्या तरुणाला याहून मोठे आश्वासन कोणते मिळणार?

परंतु अमेरिकेत संघाने निवडले म्हणजे वरिष्ठ संघात स्थान मिळाले, असे होत नाही. प्रत्येक मोठ्या संघाच्या पदरी लहान गावांतून खेळणारे पायरीपायरीचे दुय्यम संघ असतात. सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए अशी त्यांची नावे. उमेदवाराने एकेक पायरी चढत जावयाचे असते. मॉरिस खालच्याच पायऱ्यांवर अडकला. त्याचे कोपर आणि खांदा त्याला साथ देईनात. वेगवान चेंडू फेकताना कोपराच्या आतील बाजूच्या स्नायुबंधावर जो ताण पडतो, तो शरीराच्या सहनशक्तीच्या अगदी काठावरचा असतो. १९७४ साली फ्रँक जोब या शल्यविशारदाने टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुरज्जू बसविला आणि तो खेळाडू त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. तेव्हापासून ती शस्त्रक्रिया टॉमी जॉनच्याच नावाने ओळखली जाते. परंतु प्रत्येक हाताचे नशीब असे नसते. मॉरिसच्या हातावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९८७ साली ब्रूअर्सने त्याला मोकळे केले. १९८९ साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाच्या पदरी त्याने पुन्हा एकदा प्रयत्न केला. तोही सिंगल ए या पायरीवरच संपला. पंचविशीत त्याने खेळ सोडला.

यानंतरची दहा वर्षे सामान्य माणसाची आहेत. त्याने एंजेलो स्टेट विद्यापीठात शिक्षण घेतले, संसार केला, तीन मुले झाली, आणि बिग लेक या गावच्या रेगन काउंटी हायस्कूलमध्ये तो विज्ञानाचा शिक्षक झाला. जोडीला शाळेच्या बेसबॉल संघाला शिकविण्याचे काम होते. बिग लेक म्हणजे मोठे तळे. परंतु पश्चिम टेक्सासच्या रखरखीत प्रदेशातील हे तळे बहुतेक काळ कोरडेच असते. गावाची वस्ती तीन हजारांच्या आत. १९२३ साली गावाजवळ सांता रीता नावाच्या विहिरीतून खनिज तेल उसळले आणि त्या ओसाड जमिनीची मालकी असलेले टेक्सास विद्यापीठ श्रीमंत झाले. संत रीता ही ख्रिस्ती परंपरेत अशक्य कार्यांची कैवारी मानली जाते. जेथे तेल लागण्याची आशा थोडी, तेथे खोदताना लोकांनी तिचे नाव घेतले, यात नवल नाही.

तेलाच्या विहिरी असल्या तरी बेसबॉलच्या बाबतीत गाव कोरडेच होते. शाळेच्या संघाने जिल्ह्याचे विजेतेपद कधीच मिळविले नव्हते. १९९९ च्या वसंत ऋतूत मॉरिस आपल्या मुलांना नेटाने शिकवीत होता. गावाबाहेरही जग आहे, मोठी आकांक्षा धरा, हरण्याच्या भीतीने प्रयत्न सोडू नका, असे तो त्यांना सांगे. सगळेच शिक्षक सांगतात तेच. परंतु या मुलांनी शिक्षकाला प्रतिप्रश्न केला. सरावाच्या वेळी त्याचे चेंडू त्यांना दिसेनासे होत होते. स्वतःची आकांक्षा गुंडाळून ठेवून तुम्ही आम्हाला हा उपदेश कसा करता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यातून एक करार ठरला. मुलांनी जिल्ह्याचे विजेतेपद मिळवावे. ते मिळाले, तर शिक्षकाने वरिष्ठ संघाच्या निवड-चाचणीस जावे.

हा प्रसंग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. उपदेश करणे हा शिक्षकाचा, वडीलधाऱ्यांचा आणि अधिकाऱ्यांचाही नित्याचा व्यवहार आहे. त्यातील सोय अशी, की उपदेशाची किंमत बहुधा ऐकणाऱ्याला द्यावी लागते. मुलाने पहाटे उठावे, मुलाने कष्ट करावे, मुलाने अपयश पचवावे. सांगणाऱ्याचे काम सांगण्यापाशी संपते. बिग लेकच्या मुलांनी ही सोय काढून घेतली. तुमचे शब्द खरे असतील तर ते तुम्हालाही लागू आहेत, एवढेच त्यांनी बजावले. आणि मॉरिसचे वेगळेपण यात, की त्याने हसून विषय टाळला नाही.

मुले जिंकली. आता शब्द पाळणे आले. टॅम्पा बे डेव्हिल रेज हा फ्लोरिडातील संघ त्या वेळी अवघा दुसऱ्या वर्षात होता आणि नवे खेळाडू शोधीत होता. त्याच्या निवड-चाचणीस मॉरिस गेला. भोवती विशीच्या आतबाहेरचे तरुण. हा पस्तिशीचा गृहस्थ बरोबर आपली तीन लहान मुले घेऊन आलेला. पस्तिशीच्या माणसाला पाहण्यात वेळ दवडण्याची निवड करणाऱ्याला इच्छा नव्हती. विद्यार्थ्यांना दिलेल्या वचनाची हकीकत ऐकून त्याने संधी दिली. मॉरिसने चेंडू टाकले. वेगमापक यंत्राने ताशी ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटर, असा वेग दाखविला. असे लागोपाठ बारा चेंडू पडले. विशीत, हात धडधाकट असतानाही, मॉरिसला हा वेग कधी साधला नव्हता. एवढ्या शस्त्रक्रियांनंतर, दहा वर्षांच्या विश्रांतीनंतर, तो हाताला कोठून आला, हे खुद्द त्यालाही कळले नाही.

खरे पाहता वचन येथे पुरे झाले होते. चाचणीस जाईन, एवढेच मुलांशी ठरले होते. निवडला गेलो तर नोकरी सोडून जाईन, असे कोणी म्हटले नव्हते. परंतु आता बोलावणे आले, आणि कठीण प्रश्न आताच उभा राहिला. एका बाजूला शिक्षकाची नियमित पगाराची नोकरी, पत्नी, तीन मुले; दुसऱ्या बाजूला दुय्यम संघांचे तुटपुंजे वेतन, रात्र-रात्र बसचा प्रवास, आणि ज्याने पूर्वी दगा दिला तोच हात. विवेकी माणसाने नकार दिला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. मॉरिसने होकार दिला. घरच्यांनी ते ओझे उचलले, म्हणून तो जाऊ शकला. या गोष्टीतील त्यांचा वाटा दप्तरात कोठे लिहिलेला नाही.

पुढचे सारे विलक्षण वेगाने घडले. प्रथम ऑर्लँडोचा डबल ए संघ, मग डरहॅमचा ट्रिपल ए संघ. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सप्टेंबर महिन्यात वरिष्ठ संघांना जादा खेळाडू बोलावता येत. मॉरिसला बोलावणे आले, तेही टेक्सासमध्येच. १८ सप्टेंबर १९९९ रोजी आर्लिंग्टनच्या मैदानावर, टेक्सास रेंजर्स संघाविरुद्ध, कोंडवाड्याचे दार उघडले आणि पस्तीस वर्षांचा नवखा उंचवट्यावर आला. समोर रॉइस क्लेटन. चार चेंडूंत क्लेटन बाद झाला. तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस शाळेतील मुलांना सराव देत होता.

या आयुष्यावर २००२ साली ‘द रूकी’ नावाचा चित्रपट निघाला; डेनिस क्वेडने त्यात मॉरिसची भूमिका केली. या आनंदाच्या रात्रीपाशी चित्रपट आपले काम संपवितो, आणि चित्रपटाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु माणसाचे आयुष्य पडदा पडल्यावरही चालूच राहते. त्या हंगामात मॉरिसला आणखी चार सामने मिळाले. पुढच्या हंगामात सोळा. या सोळांपैकी शेवटचा सामना ९ मे २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये, यँकी स्टेडियमवर झाला.

ती रात्र पहिल्या रात्रीइतकीच स्मरणात ठेवावयास हवी. सामना बरोबरीत, दहावा डाव चालू, तिन्ही बेसवर यँकीज संघाचे गडी. समोर पॉल ओनील, डावखुरा आणि कसलेला. डावखुऱ्या फलंदाजासमोर डावखुरा पिचर, या शास्त्रास धरून मॉरिसला पाचारण झाले. अशा प्रसंगी चार चेंडू चौकटीबाहेर गेले, की फलंदाजाला आयता बेस मिळतो, पुढचे सारे एकेक बेस सरकतात आणि तिसऱ्या बेसवरचा गडी चालत घरी येतो. नेमके तेच झाले. बॅटीचा आवाजही न होता सामना संपला. यजमानांच्या जल्लोषात मॉरिस मैदानाबाहेर आला आणि वरिष्ठ संघाच्या मैदानावर पुन्हा कधी उतरला नाही. नोंदवहीची एक गंमत अशी, की त्या पराभवाची नोंद त्याच्या नावावर झाली नाही. धाव घेणारा गडी आधीच्या पिचरच्या वेळी बेसवर पोहोचला होता; नियमाप्रमाणे दोष त्या पिचरकडे गेला. म्हणून मॉरिसच्या नावापुढे पराभव शून्य आहे. दप्तराचा न्याय असा असतो. तो खोटा नसतो, पण पुरताही नसतो.

हाताचे दुखणे परतले होते. डेव्हिल रेजने त्याला मोकळे केले. डिसेंबर २००० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने त्याच्याशी करार केला. परंतु २००१ च्या वसंत ऋतूतील सराव-शिबिरातच तो अध्याय संपला. त्याच वर्षी त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि पुढे तो ठिकठिकाणी व्याख्याने देऊ लागला. शिकविण्याचा धंदा एका अर्थाने सुटला नाही.

या गोष्टीतून काय घ्यावे, याविषयी थोडा सावधपणा ठेवणे बरे. प्रयत्न केला की यश मिळतेच, असा बोध यातून काढणे म्हणजे वस्तुस्थितीशी प्रतारणा होय. अशा चाचण्यांना असंख्य तरुण येतात आणि बहुतेक सारे परत जातात. आपल्या देशातील उदाहरण घ्यावयाचे, तर उत्तर प्रदेशातील भदोहीकडचा रिंकू सिंह हा भालाफेक करणारा तरुण २००८ साली एका स्पर्धेतून निवडला गेला. दिनेश पटेल या दुसऱ्या तरुणासह त्याला पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केले. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलने घेतलेले हे पहिले भारतीय. रिंकू सिंहही डावखुराच. त्याने मन लावून खेळ आत्मसात केला, काही हंगाम खालच्या पायऱ्यांवर खेळला. परंतु कोपराच्या दुखण्याने त्यालाही गाठले आणि वरिष्ठ संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. त्याची जिद्द मॉरिसहून उणी होती, असे कोण म्हणेल? हाताचे बळ हे अखेरीस दैवाधीन आहे. मॉरिसचा हात तरुणपणी गेला तेव्हा त्याचा अपराध नव्हता. पस्तिशीत परत आला तेव्हा पराक्रमही नव्हता.

त्याच्या हाती होती ती एकच गोष्ट: दिलेला शब्द आणि त्यामागोमाग जाण्याची तयारी. त्या तयारीत अपयशाचाही स्वीकार होता. चाचणीच्या मैदानावर हसे झाले असते, तरी बिग लेकच्या मुलांशी केलेला करार पाळलाच गेला असता. किंबहुना करार पाळण्यापुरताच विचार केला, तर ९८ मैलांचा वेग अनावश्यकच होता. एकविसाच्या जागी शून्य सामने मिळाले असते, तरी धडा तितकाच पुरा झाला असता. आणि न्यूयॉर्कची ती रात्रही त्याच धड्याचा भाग आहे. मोठी आकांक्षा धरा, हरण्याला भिऊ नका, असे सांगणाऱ्या शिक्षकाने मोठ्या मैदानावर, हजारो लोकांदेखत, हरूनही दाखविले. उपदेशातील हा अर्धा भाग फार थोडे उपदेशक पुरा करतात.

आपल्याकडे खेडोपाडी असे शेकडो शिक्षक, प्रशिक्षक आणि वडीलधारी माणसे आहेत, ज्यांनी कधीकाळी काही करावयाचे योजिले होते आणि प्रपंचात ते बाजूला ठेवले. त्यांतील प्रत्येकाने नोकरी सोडून निघावे, असे कोणी शहाणा माणूस सुचविणार नाही. परंतु आपण मुलांना जे सांगतो, ते एखाद्या मुलाने उलटून आपल्यालाच विचारले, तर त्याला उद्धट समजून गप्प करण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, एवढे मात्र खचित सुचविता येईल. बिग लेकच्या शाळेतील मुलांना त्या वर्षी जिल्ह्याचे विजेतेपद मिळाले. त्याहून मोठी कमाई ही, की आपल्या शिक्षकाचा शब्द खरा असतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळाले.